हिशेबाबाहेरचे वैभव

रशियाच्या झारांच्या दरबारी वैभवाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली रीत हळहळण्याची आहे. मखमल, जरतार, हिरे आणि अर्मिनची पांढरीशुभ्र फर यांनी नटलेले एक सुंदर जग १९१७ च्या वावटळीत नाहीसे झाले, असे ती मानते. दुसरी रीत संतापाची. उपाशी शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून हे रत्नजडित मुकुट घडविले गेले, एवढे सांगून ती थांबते. सोव्हिएत राजवटीच्या काळात दुसऱ्या रीतीचा बोलबाला होता. १९९१ नंतर पहिलीने उचल खाल्ली. १७ जुलै १९९८ रोजी अखेरच्या झारचे व त्याच्या कुटुंबीयांचे अवशेष सेंट पीटर्सबर्गमध्ये इतमामाने पुरण्यात आले, २००० साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना संतपद दिले, आणि तेव्हापासून रोमानोव्ह घराण्याचे पोशाख व अलंकार यांची प्रदर्शने, सचित्र ग्रंथ व चित्रपट यांना बहर आला आहे.

या दोन्ही रीतींत एक उणीव समान आहे. या वैभवावर नेमका किती खर्च होत होता, तो कोण सोसत होता आणि त्या मोबदल्यात राज्यसंस्थेला काय मिळत होते, हे प्रश्न हळहळणाराही विचारीत नाही आणि संतापणाराही नाही. ते विचारले तर निघणारा निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे. दरबाराचा डामडौल हा रशियाच्या तिजोरीवरील सर्वांत मोठा भार कधीच नव्हता. तथापि तो कोणालाही उत्तरदायी नव्हता. आणि कालांतराने राज्यकर्त्यांना असे वाटू लागले की प्रजेला दर्शन दिले म्हणजे तिला उत्तर दिल्यासारखेच आहे. झारशाहीला भोवला तो हा गैरसमज.

वेशाचा कायदा आणि वेशावरचा कर

रशियात पोशाख हा सरकारी विषय झाला तो पीटर दि ग्रेटच्या काळात. पश्चिम युरोपचा दौरा आटोपून १६९८ साली परतताच त्याने आपल्या सरदारांच्या लांब दाढ्यांना कात्री लावली. पुढील दोन-तीन वर्षांत निघालेल्या फर्मानांनी पाद्री व शेतकरी वगळता इतरांना जुना रशियन अंगरखा टाकून हंगेरियन, नंतर जर्मन धाटणीचे कपडे घालण्याची सक्ती केली. लोकांना नमुना कळावा म्हणून शहराच्या वेशींवर नव्या पोशाखातील पुतळे उभे केले गेले, आणि जुन्या वेशात आत शिरणाऱ्याकडून तिथेच दंड वसूल होऊ लागला. १७०५ साली दाढीवर श्रेणीनुसार कर बसला. श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला १०० रूबल, अधिकारी व सरदारांना ६०. शेतकऱ्याला गावात दाढी माफ, मात्र शहराच्या वेशीतून जाता-येता त्याने एक कोपेक मोजावा. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे. हा कर १७७२ पर्यंत टिकला.

आधुनिकीकरणाची ही हौस हास्यास्पद वाटेल; पण तिच्यात एक पक्के गणित होते. अंगावरील कपड्यावरून माणसाची जागा ठरविण्याचा अधिकार राज्यसंस्थेने येथे स्वतःकडे घेतला. १७२२ मध्ये पीटरने जाहीर केलेल्या चौदा पदश्रेणींच्या तक्त्याने या अधिकाराला पद्धतशीर रूप दिले. सैन्य, मुलकी नोकरी आणि दरबार या तिन्ही शाखांतील पदे एका उतरंडीत बसविली गेली. जन्मापेक्षा सेवेला मान देणारी ही योजना त्या काळी पुरोगामीच म्हणावी लागेल. पण सेवेचे मोल ठरविणारा एकच होता, आणि त्याने ठरविलेले मोल कॉलरवरच्या कशिद्यातून वाचता येत होते.

पीटरची मुलगी एलिझाबेथ हिच्या मृत्यूनंतर तिच्या कपाटांत पंधरा हजार पोशाख सापडले, असे समकालीनांनी नोंदविले आहे. आणि त्याबरोबरच न भागविलेली बिलेही. तिच्यानंतर लवकरच गादीवर आलेली कॅथरीन ही जन्माने जर्मन राजकन्या. परक्या भूमीत, पतीला पदच्युत करून मिळविलेले सिंहासन टिकविणे तिला भाग होते. १७६२ च्या राज्यारोहणासाठी तिने घडवून घेतलेल्या मुकुटात ४,९३६ हिरे आहेत आणि माथ्यावर ३९८ कॅरटहून अधिक वजनाचा लाल स्पायनेल आहे. याच कॅथरीनने दरबारी स्त्रियांच्या पोशाखात जुन्या रशियन धाटणीच्या लांब बाह्या आणि शिरोभूषण यांना पुन्हा स्थान दिले. सत्तेचा हक्क जितका नाजूक, तितका मुकुट जड. या नियमाचे याहून बोलके उदाहरण सहसा आढळणार नाही.

१८३४ चे फर्मान

दरबारी पोशाखाची घटना म्हणावी असा दस्तऐवज मात्र पहिल्या निकोलसच्या काळातला. धर्म, एकतंत्री राजसत्ता आणि राष्ट्रीयत्व ही त्रिसूत्री त्याचा शिक्षणमंत्री उवारोव्ह याने १८३३ साली मांडली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८३४ मध्ये, मुलकी अधिकाऱ्यांच्या गणवेशाचे आणि दरबारातील स्त्रियांच्या पोशाखाचे सविस्तर नियम निघाले. स्त्रियांसाठी पांढऱ्या साटीनचा घागरा, त्यावर पुढून उघडा आणि मागे लांब घोळ असलेला मखमली झगा, खांद्यापासून खाली लोंबणाऱ्या उघड्या बाह्या, आणि डोक्यावर कोकोश्निक नावाचे अर्धवर्तुळाकार शिरोभूषण. झग्याचा रंग पदानुसार ठरलेला. ज्येष्ठ मानकरी स्त्रियांना हिरवी मखमल व सोनेरी कशिदा. सम्राज्ञीच्या सेवेतील तरुण मानकरी मुलींना किरमिजी. या मुलींच्या खांद्याजवळ निळ्या फितीवर सम्राज्ञीच्या नावाचे हिऱ्यांचे आद्याक्षर झळके. पुरुष मानकऱ्याच्या कमरेला, मागील बाजूस, सोन्याची किल्ली लटकत असे. ती कोणतेही दार उघडीत नसे, पण तिच्याविना काही दारे उघडत नसत.

या पोशाखाचे अंग फ्रेंच आणि बाह्या रशियन होत्या. फ्रेंच बोलणाऱ्या, शेतकऱ्याची भाषा नोकरांशी बोलण्यापुरती जाणणाऱ्या वर्गाने राष्ट्रीयत्व धारण केले ते बाह्यांपुरते. मुलकी नोकरांसाठी कशिद्याच्या दहा प्रती ठरल्या. १८३७ मध्ये मुलकी अधिकाऱ्यांनी मिशा राखू नयेत असेही फर्मान निघाले. आणि हे सारे गणवेश सरकार पुरवीत नव्हते. ज्याचे त्याने पदरमोड करून शिवून घ्यायचे होते.

या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या कारकुनाची अवस्था गोगोलने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओव्हरकोट’ या कथेत मांडली आहे. तिचा नायक नवव्या श्रेणीतला; वर्षाचा पगार चारशे रूबल. जुना कोट विरला म्हणून नवा शिवायचा तर ऐंशी रूबल, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. त्यासाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून जपून पावले टाकतो. कथा काल्पनिक असली तरी तिच्यातील हिशेब त्या काळच्या वाचकाला ओळखीचा होता. दरबाराच्या पायऱ्या उतरत उतरत वेशाचे बंधन जेव्हा शेवटच्या पायरीवर येते, तेव्हा त्याचे नाव वैभव राहत नाही. तो नोकरी टिकविण्यासाठी भरावा लागणारा एक कर होतो.

अहमदनगरचा हिरा आणि एका वकिलाचा खून

झारांच्या रत्नभांडाराशी महाराष्ट्राच्या इतिहासाचाही एक धागा गुंतलेला आहे. मॉस्कोच्या क्रेमलिनमधील हिरे-निधीत आज ‘शाह’ नावाचा ८८.७ कॅरटचा हिरा आहे. त्याच्यावर फार्सीत तीन नावे कोरलेली आहेत. पहिले अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाचे, हिजरी १०००, म्हणजे इसवी सन १५९१ च्या सुमाराचे. दुसरे मोगल बादशहा शाहजहानचे. तिसरे इराणच्या फतेहअली शाहाचे. हा हिरा निजामशाहीतून मोगलांकडे आणि १७३९ मध्ये नादिरशाहाच्या लुटीबरोबर इराणात गेला. १८२९ साली तेहरानमध्ये जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला केला आणि वकील ग्रिबोयेदोव्ह मारला गेला. हा ग्रिबोयेदोव्ह रशियन भाषेतील एक थोर नाटककारही होता. त्याच्या खुनाबद्दल झारचा रोष होऊ नये म्हणून इराणच्या शाहाने आपल्या नातवाकरवी हा हिरा पहिल्या निकोलसला नजर केला.

राजदंडात बसविलेला १८९ कॅरटचा ओर्लोव्ह हिराही मूळचा भारतातलाच. खजिन्यातील रत्नांची किंमत कॅरटमध्ये सांगितली जाते. त्यांचा इतिहास मात्र बहुधा खंडणी, लूट आणि तडजोड यांचाच असतो. पीटरने १७१९ मध्ये राजचिन्हे व मुख्य रत्ने ही व्यक्तीची नव्हेत, राज्याची मालमत्ता आहेत असे ठरवून दिले होते. तत्त्व उत्तम होते. परंतु जेथे राज्य आणि राजा यांत भेद करणारी दुसरी संस्थाच नाही, तेथे राज्याची मालमत्ता म्हणजे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

खर्च कोणाच्या खिशातून?

आता आकड्यांकडे वळावे. राजघराण्यासाठी पॉल झारने १७९७ साली शेतजमिनी व जंगले यांचे स्वतंत्र खाते निर्माण केले. १८२६ मध्ये शाही दरबाराचे वेगळे मंत्रालयच स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी या मंत्रालयाला सरकारी तिजोरीतून मिळणारी रक्कम एकूण अंदाजपत्रकाच्या शेकडा एकाच्या आतच होती. लष्कर, रेल्वे आणि परदेशी कर्जावरील व्याज यांच्यापुढे ती किरकोळ ठरते. दरबार बरखास्त करून ती रक्कम वाटली असती, तरी रशियन शेतकऱ्याचे दारिद्र्य हटले नसते. संतापणाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे.

मात्र उरलेली बाजूही तितकीच खरी आहे. त्या तिजोरीत पैसा कोठून येत होता? डोईपट्टी १८८७ मध्ये युरोपीय रशियात रद्द झाली, आणि भार अप्रत्यक्ष करांवर सरकला. व्होडका, साखर, रॉकेल, काडेपेटी. अर्थमंत्री विट यांनी १८९४-९५ पासून मद्यविक्रीची सरकारी मक्तेदारी सुरू केली, आणि १९१३ पर्यंत सरकारच्या नेहमीच्या उत्पन्नाचा चतुर्थांशाहून अधिक भाग एकट्या व्होडकातून येऊ लागला. भूदास-मुक्तीनंतर मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकरी १८६१ पासून हप्त्याहप्त्याने फेडीत होता. ते हप्ते १ जानेवारी १९०७ ला रद्द झाले, तेही १९०५ च्या उठावानंतर.

सोन्याच्या चलनासाठी आणि परदेशी कर्जाच्या व्याजासाठी धान्याची निर्यात वाढवणे हे १८८७ नंतरच्या अर्थनीतीचे सूत्र होते. कापणी होताच कर वसूल करावा, म्हणजे शेतकऱ्याला धान्य विकावेच लागेल, अशी ही योजना. १८९१ मध्ये पीक बुडाले तेव्हा गावांत साठा उरला नव्हता. त्या दुष्काळात आणि पाठोपाठ आलेल्या पटकीत सुमारे चार लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८९७ मध्ये रशियाने सुवर्णचलन स्वीकारले.

येथे दरबाराच्या थाटाचे आर्थिक कार्य ध्यानात येते. रशिया हा युरोपच्या भांडवल-बाजारातील फार मोठा कर्जदार होता, आणि त्याचे रोखे विकत घेणाऱ्यांत फ्रान्समधील शिक्षक, दुकानदार, निवृत्तिवेतनावर जगणारे लोक असे लक्षावधी लहान ठेवीदार होते. १८९६ मध्ये दुसरा निकोलस पॅरिसला गेला आणि तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाने बांधावयाच्या पुलाची कोनशिला त्याने बसविली, तेव्हा त्या रत्नांच्या व गणवेशांच्या झगमगाटात या लोकांना आपल्या ठेवीची शाश्वती दिसली. ‘ऋण काढून सण’ ही आपल्याकडील म्हण उधळ्या संसाराला लागू पडते. रशियात सण होता म्हणून ऋण मिळत होते. वैभव हे कर्जदाराचे तारण बनले होते. आणि ज्याचे तारण हेच त्याचे दर्शन आहे, त्याला दर्शन आवरते घेता येत नाही.

साधा राजा, खर्चिक सिंहासन

या वैभवाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो टाळण्याजोगा नाही. दरबारामुळे सोनार, विणकर, कशिदाकार अशा हजारो कारागिरांना काम मिळाले. त्यांच्या हातून अजोड कलाकृती निर्माण झाल्या. दुसऱ्या निकोलसच्या राणीचा रुपेरी किनखापाचा राज्याभिषेकाचा पोशाख मॉस्कोतील मठातील जोगिणींनी भरला होता. फाबेर्जेच्या पेढीत पाचशेच्या आसपास माणसे कामाला होती आणि १८८५ पासून दर ईस्टरला राजघराण्यासाठी तिने घडविलेली रत्नजडित अंडी आज जगातील संग्रहालयांचे भूषण आहेत. यांपैकी १९१३ च्या ‘हिवाळी अंड्या’चे बिल २४,६०० रूबल होते. त्या वर्षी कारखान्यातील कामगाराची सरासरी मजुरी वर्षाला सुमारे अडीचशे-पावणेतीनशे रूबल होती. म्हणजे एका अंड्यात एका कामगाराची नव्वद वर्षांची कमाई सामावली होती. हस्तकौशल्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोजगार देणारा एकच ग्राहक असेल, तर ती कला त्या ग्राहकाबरोबरच सती जाते. १९१८ नंतर फाबेर्जेच्या पेढीचे तसेच झाले.

दुसरा मुद्दा राजांच्या स्वभावाचा. रशियाचे अखेरचे दोन्ही झार व्यक्तिशः उधळे नव्हते. तिसरा अलेक्झांडर धष्टपुष्ट, साध्या राहणीचा. त्याने गादीवर येताच सैन्याचे गणवेश शेतकरी धाटणीचे, बटणांऐवजी हुकांचे केले. वाढत्या गोतावळ्याचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून १८८०-९० च्या दशकात त्याने ग्रँड ड्यूक हे पद सम्राटाच्या मुलांपुरते व मुलाकडील नातवांपुरते मर्यादित केले. दुसरा निकोलस आयुष्यभर कर्नलच्या हुद्द्यावरच राहिला आणि घरी साधा सैनिकी सदरा वापरीत असे. पण फाबेर्जेचे पहिले अंडे काटकसरी अलेक्झांडरच्याच कारकीर्दीतले, आणि रशियातील सर्वांत खर्चिक समारंभ साध्या निकोलसच्याच. सिंहासनाचा खर्च राजाच्या स्वभावाने ठरत नाही. त्याच्यावर प्रश्न विचारणारा कोणी आहे की नाही, यावर ठरतो.

तीन समारंभ

मे १८९६ मध्ये मॉस्कोत निकोलसचा राज्याभिषेक झाला. चार दिवसांनी शहराबाहेरच्या खोदिंका मैदानावर प्रजेला भेटवस्तू वाटावयाच्या होत्या. राजचिन्हांकित एनॅमलचा पेला, रुमाल, पाव, सॉसेज, थोडा खाऊ. अशा चार लाख पुड्या तयार होत्या. लोक आदल्या रात्रीपासूनच जमले आणि त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. मैदान खड्ड्यांनी व चरांनी भरलेले. बंदोबस्ताला सुमारे अठराशे पोलीस. पहाटे पुड्या पुरणार नाहीत अशी आवई उठली आणि लोंढा उसळला. सरकारी आकड्याप्रमाणे १,३८९ माणसे चेंगरून मेली. त्याच रात्री फ्रेंच वकिलाच्या घरी नृत्याचा समारंभ होता. कर्ज देणाऱ्या मित्रराष्ट्राचा अवमान नको म्हणून झार व राणी तेथे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जखमींची विचारपूस केली आणि मृतांच्या कुटुंबांना हजार-हजार रूबल देऊ केले. निकोलस निर्दय नव्हता. मात्र समारंभाचा कार्यक्रम ठरलेला होता आणि तो थांबविण्याची कोणतीही सोय त्या यंत्रणेत नव्हती.

फेब्रुवारी १९०३ मध्ये हिवाळी राजवाड्यात वेशभूषेचा नृत्यसमारंभ झाला. सुमारे ३९० पाहुण्यांनी सतराव्या शतकातील पोशाख केले. निकोलस झार अलेक्सेई झाला, अलेक्झांड्रा त्याची राणी मारिया. काही वस्त्रे व अलंकार क्रेमलिनच्या जामदारखान्यातून आणलेले, अस्सल तीनशे वर्षांपूर्वीच्या परंपरेतले होते. त्या रात्रीची छायाचित्रे पुढे संग्रहरूपाने निघाली, आणि १९११ मध्ये त्यांतील वेशांवर बेतलेला पत्त्यांचा जोड बाजारात आला. क्रांतीनंतरही तो छापला जात राहिला. त्यामुळे झार कोण होता हे शाळेत शत्रू म्हणून शिकलेली सोव्हिएत मुले त्याच्याच दरबाराची चित्रे हातात धरून पत्ते खेळत होती.

या समारंभाने सतराव्या शतकाची वस्त्रे आणली, त्या शतकातील एक संस्था मात्र तिथेच ठेवली. १६१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याला सिंहासनावर बसविले ते झेम्स्की सोबोर या प्रतिनिधींच्या सभेने. झार अलेक्सेईची १६४९ ची विधिसंहिताही अशाच सभेपुढे आली होती. त्या संहितेनेच शेतकऱ्याला जमिनीला कायमचे जखडले, तेव्हा त्या सभांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण राजाने कोणाला तरी विचारावे लागते, हे जुन्या काळालाही ठाऊक होते. १८९५ च्या जानेवारीत प्रांतिक मंडळांच्या प्रतिनिधींनी राज्यकारभारात थोडा सहभाग मिळण्याची आशा व्यक्त केली, तेव्हा निकोलसने तिला ‘निरर्थक स्वप्ने’ म्हणून झिडकारले होते. पूर्वजांचा अंगरखा त्याला हवा होता. अंगरख्याबरोबर येणारी सभा नको होती.

तिसरा समारंभ त्या सभेचाच. जपानशी झालेल्या युद्धातील पराभव आणि जानेवारी १९०५ मधील रक्तरंजित रविवार यांनंतर झारला ड्यूमा ही प्रतिनिधिसभा मान्य करावी लागली. २७ एप्रिल १९०६ रोजी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, हिवाळी राजवाड्याच्या सेंट जॉर्ज सभागृहात तिचे उद्घाटन झाले. राजचिन्हे मॉस्कोहून मुद्दाम आणली होती. एका बाजूस सोनेरी कशिद्याचे गणवेश, रत्ने ल्यालेल्या राजस्त्रिया, सेनापती, मंत्री. दुसऱ्या बाजूस ड्यूमाचे सदस्य, त्यांत कितीतरी शेतकरी, रोजच्या कोटांत आणि उंच बुटांत. त्या दोन रांगांमधील शांततेचे वर्णन उपस्थित असलेल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. ज्यांना दिपवायचे होते ते दिपले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला.

तो हिशेब मोठ्याने मांडण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. ड्यूमा भरण्यापूर्वीच सरकारने मार्च १९०६ मध्ये अंदाजपत्रकाचे नियम काढले आणि शाही दरबाराच्या मंत्रालयाचा ठराविक पातळीपर्यंतचा खर्च ड्यूमाच्या अधिकाराबाहेर ठेवला. उद्घाटनाच्या काही दिवस आधी परदेशांत सव्वादोनशे कोटी फ्रँकचे कर्जही उभे केले, म्हणजे पैशासाठी या सभेपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये. अडीच महिन्यांच्या आत ड्यूमा बरखास्त झाली. शेकडा एकाच्याही आतला तो खर्च लपविण्यासारखा नव्हता. तरीही तो दाखवायचा नव्हता, कारण तो दाखविणे म्हणजे विचारण्याचा हक्क मान्य करणे.

शेवटचा भाव

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने मद्यविक्री बंद केली आणि चतुर्थांश उत्पन्नावर स्वतःच पाणी सोडले. १९१७ च्या मार्चमध्ये निकोलसने राज्यत्याग केला. फेब्रुवारी १९१८ मध्ये नव्या राजवटीने जुनी परदेशी कर्जे नाकारली, आणि पॅरिसच्या पुलावर टाळ्या वाजविणाऱ्या फ्रेंच ठेवीदारांच्या हाती रद्दी उरली. त्याच वर्षी जुलैमध्ये येकातेरिनबुर्गच्या तळघरात राजकुटुंबावर गोळ्या झाडल्या गेल्या. राजकन्यांच्या अंतर्वस्त्रांत शिवलेल्या हिऱ्यांमुळे पहिल्या गोळ्या परतल्या, असे मारेकऱ्यांच्या म्होरक्याच्या कथनात आहे. त्या हिऱ्यांनी त्यांना वाचविले नाही. यातना तेवढ्या लांबविल्या. त्या निष्पाप मुलांच्या हत्येचे कोणत्याही हिशेबाने समर्थन होऊ शकत नाही.

नव्या राज्यकर्त्यांनाही परकीय चलन हवेच होते. १९२७ मध्ये लंडनच्या लिलावगृहात रशियन राजरत्ने विकली गेली. २४,६०० रूबलचे, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २,६०० पौंडांचे ते हिवाळी अंडे लंडनच्या एका जवाहिऱ्याला अवघ्या ४५० पौंडांत मिळाले. २००२ मध्ये त्याला सुमारे ९६ लाख डॉलर आले. वस्तू तीच, स्फटिक तोच. बदलत गेली ती तिच्यामागच्या राज्यसंस्थेविषयीची भावना. आधी धाक, मग तिरस्कार, आता हुरहूर. बाजाराने या तिन्ही भावनांना प्रामाणिकपणे किंमत लावली आहे.

क्रेमलिनमधील मोठ्या राजवाड्यात सेंट अँड्र्यूच्या नावाचे सिंहासन-सभागृह होते. १९३० च्या दशकात ते शेजारच्या सभागृहात मिळवून तेथे सुप्रीम सोव्हिएटच्या बैठकीची साधी, लांबट खोली करण्यात आली. तेथे अनेक दशके प्रतिनिधी बसले आणि ठराव एकमताने मंजूर होत राहिले. १९९० च्या दशकात भिंत पुन्हा उभी राहिली, सोन्याचा मुलामा चढला, सिंहासने परत मांडली गेली. २००० सालापासून रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तेथेच होतो. सजावटीचा तिरस्कार करणाऱ्या राजवटीने सजावट काढली, तिच्यावर प्रेम करणाऱ्या राजवटीने ती परत आणली. त्या सभागृहात उभे राहून राज्याचा हिशेब मागण्याचा आणि तो मिळेपर्यंत खाली न बसण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न मात्र सोनेरी भिंतींच्या काळातही आणि साध्या भिंतींच्या काळातही तसाच राहिला. रोमानोव्हांच्या पोशाखांचे सौंदर्य पाहावयास जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे. त्या मखमलीवरचा टाका फार सुबक आहे. फक्त काचेच्या कपाटावरील पाटीत एक ओळ नेहमी गाळलेली असते: हा पोशाख कोणाला विचारून शिवला होता.